लेसरच्या आधी नंबर कोण काढतं?

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले, की लेसरने चष्मा घालवायचा असेल तर हॉस्पिटलची मशीन कुठली आहे हे विचारण्याआधी तुमचा नंबर कोण काढतंय आणि किती वेळ देऊन काढतंय ते बघा. त्यावर एवढे प्रश्न आले की हा अख्खा अंक त्यातच जाणार. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं घातलेली नाहीत, कारण आपलं बेळगाव म्हणजे नुसतं गल्लीचं नाव छापलं तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतंय कुणाची मुलगी ते. आणि एक आधीच सांगते, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारी, सर्जन नाही. लेसर मी मारत नाही. पण लेसरच्या आधीचं आणि नंतरचं बरंचसं काम आमच्याच हातात असतं, म्हणून बोलायचा थोडा अधिकार आहे.

प्रश्न: मॅडम, मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलंय. नंबर दोन्हीकडे मायनस साडेपाच. सगळे म्हणायलेत की लग्नाआधी लेसर करून टाका. तपासायला गेलो तर एका पोरीनं अडीच तास बसवून घेतलं, हे मशीन झालं की ते मशीन, मग ड्रॉप, मग परत नंबर, आणि डॉक्टर आले ते दहा मिनिटांसाठी. वर त्या पोरीनंच सांगितलं की कॉन्टॅक्ट लेन्स बंद करा आणि पंधरा दिवसांनी परत या. ही कोण आमचं काम अडवणारी? – एक आई, शहापूर

उत्तर: ताई, ती पोरगी बहुतेक माझ्यासारखीच ऑप्टोमेट्रिस्ट असणार. चार वर्षांचा कोर्स असतो आमचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. ऑपरेशन आम्ही करत नाही, करायचं की नाही याचा शेवटचा शब्द सर्जनचाच, पण तो शब्द ते ज्या कागदाकडे बघून देतात तो कागद त्या पोरीनं अडीच तास बसून भरलेला असतो. डॉक्टरांची दहा मिनिटं त्या अडीच तासांवर उभी आहेत.

लेसरमध्ये नेमकं काय होतं ते सांगते, म्हणजे तिचं वागणं कळेल. आपल्या बुबुळाच्या समोर जी काचेसारखी पारदर्शक पुढची भिंत असते ना, कॉर्निया, तिची जाडी मधोमध साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या जरासं वर. लॅसिकमध्ये तिच्यावर शंभर-एकशेवीस मायक्रॉनची पातळ झडप कापून उलटी करतात, पुस्तकाचं पान उलटल्यासारखी, खालच्या भागावर लेसर मारून आकार बदलतात, आणि पान परत मिटतात. मायनस नंबर असेल तर एका नंबरमागे ढोबळमानाने चौदा मायक्रॉन उडतात. तुमच्या मुलीचे साडेपाच, म्हणजे सत्याहत्तर मायक्रॉन, आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीएवढं. आता हिशोब घाला: ५४० मधून झडपेचे ११० गेले, लेसरचे ७७ गेले, राहिले ३५३. खाली निदान २५० तरी शिल्लक राहायलाच पाहिजेत, बरेच सर्जन ३०० च्या खाली जायला तयार नसतात. तिचं जमतंय. पण हेच कॉर्निया मुळात ४८० चं असतं आणि नंबर नऊ असता तर? १२६ गेले, ११० गेले, राहिले २४४. तिथं नाहीच म्हणायचं, मग पार्टी कितीही मोठी असू दे.

आणि लेसरच्या मशीनला स्वतःचं डोकं नसतं. तिला जो नंबर भरून दिला तोच ती कोरते. साडेपाचच्या जागी सहा भरले तर सहाच कोरणार, आणि चष्मा बदलून मिळतो तसा कॉर्निया बदलून मिळत नाही. त्यात सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेत लागणारा नंबर, असला तर त्याचा अ‍ॅक्सिस, म्हणजे तो कुठल्या कोनात आहे, हा आणखी एक घोळ. कोन दहा डिग्रीने चुकला तर फायद्याचा एक तृतीयांश तिथेच गेला, तीस डिग्रीने चुकला तर सिलिंडर काढल्याचा उपयोगच शून्य. माणूस आडवा झोपला की डोळा खोबणीत किंचित फिरतो, म्हणून काही ठिकाणी ऑपरेशनआधी माणसाला सरळ बसवून डोळ्यावर पेनाने खूण करतात. लोक घाबरतात त्याला, घाबरू नका.

आता लेन्सचं. कॉन्टॅक्ट लेन्स म्हणजे कॉर्नियावर दिवसभर ठेवलेला साचा. ती काढल्यावर कॉर्निया लगेच मूळ आकारात येत नाही, बेल्ट काढल्यावर कमरेवर वळ राहतो तसं. मऊ लेन्स असेल तर एक ते दोन आठवडे, कडक, म्हणजे दुकानात सेमी-सॉफ्ट म्हणतात ती, असेल तर तीन-चार आठवडे आणि कधी त्याहूनही जास्त थांबून मगच माप घ्यायचं. त्या मुलीनं त्याच दिवशी माप घेऊन तारीख दिली असती तर तुम्ही खूश होऊन घरी गेला असता, पण कदाचित चुकीचा नंबर कोरला गेला असता, म्हणून मी म्हणते तिला एकदा कुंदा नेऊन द्या.

मेचं लग्न आहे तर फेब्रुवारीअखेर उरकायला बघा, एप्रिलमध्ये नको. पहिला आठवडा-दोन आठवडे काजळ-आयलायनर बंद, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि हळदीला पाहुण्या बायका हळद नाकाडोळ्यात कशी चोळतात ते तुम्हाला मी सांगायला नको. अजून एक, लाजू नका: लग्नानंतर लगेच बाळाचा विचार असेल तर तेही सांगा. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नंबर हलतो, डोळे कोरडे पडतात, त्या काळात लेसर करत नाहीत.

प्रश्न: वय १९, खानापूर तालुक्यातलं गाव. उजवा सव्वादोन, डावा पावणेदोन, मायनस. तालमीत जातो, भरतीची तयारी पण चालू हाय. अकॅडमीतले सर म्हणायलेत लेसर करून घे, मेडिकलला कुणाला कळत नाही. करू का?

उत्तर: पहिल्यांदा ते "कुणाला कळत नाही" डोक्यातून काढ. लॅसिकच्या झडपेची कड स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या मशीनखाली, गोल रेघेसारखी दिसते, वर्षानुवर्षं दिसते. झडप न करता केलेलं पीआरके असलं तरी टोपोग्राफीच्या, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणाऱ्या, मशीनमध्ये कॉर्निया मधे सपाट झालेला दिसतोच. मिलिटरीच्या मेडिकलला जो डॉक्टर बसलेला असतो त्यानं असे डोळे शेकड्यांनी बघितलेले असतात. लपवलंस तर दृष्टीपेक्षा खोटं बोलल्यावरून जाशील.

लेसर चालतं की नाही, चाललं तर कुठल्या वयानंतरचं आणि किती महिने झालेलं, हे नियम भरती-भरतीला आणि शाखा-शाखेला वेगळे असतात, ऑफिसरचे वेगळे, जवानांचे वेगळे. तू ज्या भरतीला बसणार आहेस तिचं चालू नोटिफिकेशन काढ, त्यातलं मेडिकलचं पान सरांना न वाचायला देता स्वतः वाच, समजलं नाही तर माझ्याकडे घेऊन ये, बसून वाचू. इथं मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरच्या समोरून जाताना छाती फुगणारी पोरं मी रोज बघते, पण त्या स्वप्नापायी आधी लेसर आणि मग नियम असं करायचं नाही.

दुसरं, तुझा नंबर थांबलाय का? एक वर्षात अर्ध्याहून जास्त हललेला नसला पाहिजे. एकोणिसाव्या वर्षी बऱ्याच पोरांचा अजून सरकत असतो. जुन्या चष्म्याचे कागद शोध, कागद नसला तर जुना चष्माच घेऊन ये, काच मशीनवर ठेवली की नंबर कळतो. पोरं नवीन चष्मा आला की जुना फेकतात, फेकू नका रे.

तिसरं, कुस्ती. लॅसिकची झडप कडेने जुळून येते पण मूळच्या इतकी घट्ट कधीच होत नाही, जोरात मार बसला तर वर्षांनंतर सुद्धा सरकल्याच्या केसेस आहेत. कुस्तीत बोट डोळ्यात जाणार नाही असं कुठला वस्ताद सांगेल? म्हणून अशा खेळाडूंना सर्जन शक्यतो पीआरके सुचवतात, त्यात झडपच नाही, वरचं पातळ आवरण खरवडून काढून लेसर मारतात आणि वर चार-पाच दिवस पट्टीसारखी लेन्स ठेवतात. तीन दिवस चांगलंच दुखतं, पाणी येतं, नजर यायला आठवडे लागतात. पण नंतर सरकायला काही नसतं. स्माइल नावाची पद्धत आहे, त्यात झडपेऐवजी दोन-चार मिलिमीटरचा बारीक छेद, त्यातून आतली चकती ओढून काढतात, तोही एक रस्ता आहे. कुठला ते तुझा कॉर्निया बघून सर्जन ठरवतील, अकॅडमी नाही.

प्रश्न: मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत हिशोबाचं काम बघतो, वय २४. डोळ्यांना कायम खाज, चोळल्याशिवाय बरं वाटत नाही. दोन वर्षांत सिलिंडर पाऊणवरून अडीचवर गेलाय. एका हॉस्पिटलात टोपोग्राफी करून लेसर नाही म्हणाले. दुसऱ्या एका ठिकाणी करूया म्हणायलेत, ऑफर पण आहे. कुणाचं ऐकू?

उत्तर: नाही म्हणणाऱ्याचं. हे पत्र वाचून मी पेन खाली ठेवलं आणि आधी तुम्हाला फोन लावला, नंबर दिला होतात म्हणून बरं झालं. बाकीच्यांसाठी इथं लिहिते.

तरुण माणूस, डोळे चोळायची सवय, अ‍ॅलर्जी, आणि सिलिंडर भराभर वाढतोय, हे चार एकत्र आले की आमच्या डोक्यात पहिला शब्द येतो केरॅटोकोनस. कॉर्निया मधल्या किंवा खालच्या भागात पातळ होत जातो आणि आतल्या दाबाने पुढे येतो, गोल घुमटाचा शंकू होतो. आपल्याकडे हा आजार काही दुर्मिळ नाही. आता विचार करा, जी भिंत आधीच पातळ होऊन फुगायलीय तिच्यावर लेसर मारून तुम्ही अजून पातळ केलीत तर काय होईल? ती वाढत्या वेगाने पुढे येते, त्याला एक्टेझिया म्हणतात, आणि ज्याला चष्म्याने नीट दिसत होतं त्याला नंतर चष्म्यानेही दिसत नाही. एवढ्यासाठी टोपोग्राफीचा तो रंगीत नकाशा काढतात. त्यात खालच्या बाजूला लाल-केशरी डाग दिसला की चांगला ऑप्टोमेट्रिस्ट थांबतो, मान तिरकी तर नव्हती ना, लेन्स घातली होती का, डोळा कोरडा म्हणून नकाशा बिघडला का, हे बघतो, परत काढतो, आणि मग फाईलवर मोठ्या अक्षरात लिहितो. सुरुवातीचा केरॅटोकोनस नुसत्या नंबरवरून आणि सहा बाय सहा वाचण्यावरून पकडता येत नाही, त्याला सगळं अगदी बरं दिसत असतं.

तुम्हाला लेसर नको, तुम्हाला तीन-चार महिन्यांनी परत टोपोग्राफी पाहिजे, तुलना करायला. वाढताना दिसलं तर सर्जन सी थ्री आर सुचवतील, म्हणजे रायबोफ्लेविनचे थेंब घालून वर अतिनील प्रकाश देतात, त्याने कॉर्नियाचे धागे एकमेकांत बांधले जातात आणि फुगणं थांबवता येतं. त्याने चष्मा जात नाही, असलेली नजर टिकते. आणि आजपासून चोळणं बंद, अगदी बंद. तंबाखूच्या धुळीत काम आहे तर बाजूने बंद असलेला साधा गॉगल घाला, अ‍ॅलर्जीचे ड्रॉप डॉक्टरांकडून लिहून घ्या, खाज आली की बर्फाच्या पाण्यात पिळलेला रुमाल बंद डोळ्यांवर. मेडिकलवाल्याकडून स्टेरॉइडचे ड्रॉप मागून आणायचे नाहीत, त्याने खाज लगेच थांबते म्हणून सगळे आणतात आणि मग डोळ्यातला दाब वाढलेला घेऊन आमच्याकडे येतात.

ऑफरबद्दल काय बोलू. दिवाळीला साडीवर सूट असते ते ठीक आहे.

प्रश्न: पत्र लिहायला जरा राग येतोय म्हणून लिहितो. मला तपासताना समोरचा चार्ट कन्नडमध्ये होता, मी मराठी शाळेत शिकलेला. वाचता येत नाही म्हणालो तर "प्रयत्न करा" म्हणाले. असा नंबर बरोबर येतो का? – येळ्ळूर

उत्तर: येतही नाही आणि राग योग्य आहे, पण यात मी पण गुन्हेगार आहे, सांगून टाकते.

मी नवीन असताना एका हॉस्पिटलात होते, लेसरचा विभाग होता. एक मुलगा आला, वीस-एकवीसचा, गावाकडचा, लाजरा. समोर कन्नड चार्ट. तो अडखळत होता, मला वाटलं दिसत नाही, मी पाव नंबर वाढवला, परत अडखळला, परत पाव. तरुण डोळ्याला मायनस थोडा जास्त दिला तरी तो आतल्या भिंगाची ताकद लावून चालवून घेतो, वर अक्षरं बारीक आणि काळीभोर दिसतात म्हणून पेशंट "हे बरं आहे" म्हणतो. असं करत मी तीनवर पोचले. आमच्या वरच्या मॅडमनी ड्रॉप घालून डोळ्याची ती ताकद तात्पुरती बंद केली आणि परत बघितलं, निघाले सव्वादोन. पाऊण नंबर मी माझ्या मनानं वाढवला होता. त्यांनी मला ओरडलं नाही, नुसतं विचारलं, "त्याला अक्षर दिसत नव्हतं की येत नव्हतं?" तीनवर लेसर झालं असतं तर तो मुलगा प्लस पाऊण घेऊन घरी गेला असता, आणि चाळिशी जवळ आली की आम्हाला शिव्या घालत बसला असता.

तेव्हापासून माझ्याकडे ई-चार्ट आहे. नुसतं इंग्रजी ई, कधी पाय उजवीकडे कधी वर, माणसानं हाताची तीन बोटं त्या दिशेनं करून दाखवायची. कन्नड, मराठी, उर्दू, निरक्षर आजी, सगळ्यांना चालतो. तुम्हाला कुठंही वाचता न येणारा चार्ट दाखवला तर सरळ म्हणा, आकड्यांचा किंवा ई-चा लावा, जवळपास सगळीकडे असतो, मागायचा. आणि तरुण असाल तर लेसरच्या आधी ड्रॉप घालून नंबर काढलाय ना हे विचाराच. त्यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो, बाईक घेऊन एकटे जाऊ नका.

संमतीच्या कागदाचंही तसंच. तो इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये असतो, आणि लोक जिथं फुली मारलीय तिथं सही करून मोकळे होतात. माझ्याकडे आलेल्यांना मी तो मराठीत वाचून दाखवते, वीस मिनिटं जातात. वाचल्यावर दोघं जण उठून गेलेत आजवर, मला त्याचं वाईट वाटलेलं नाही.

प्रश्न: वय ४४, शिक्षिका, चिकोडी. लांबचा नंबर मायनस तीन, आता जवळचं पण दिसेना. लेसर केलं की दोन्ही जातील ना?

उत्तर: नाही बाई. लेसर कॉर्नियावर होतं, चाळिशी येते आतलं भिंग कडक झाल्यामुळं. लांबचं स्वच्छ करून घेतलंत तर वह्या तपासायला चष्मा लागणारच, उलट आत्ता तुम्ही चष्मा काढून जवळचं वाचत असाल ना, ती सोय जाईल. एक डोळा लांबचा आणि एक थोडा जवळचा ठेवायची युक्ती आहे, पण ती सगळ्यांना सोसत नाही. आधी कॉन्टॅक्ट लेन्स घालून आठवडाभर तसं जगून बघायचं, शाळा, स्वयंपाक, एसटी, सगळं. ती ट्रायल आम्ही देतो. ती न देता कुणी थेट लेसर करूया म्हणालं तर जरा बाजूला होऊन विचार करा.

प्रश्न: मी गोव्याला माल नेतो, चोर्ला घाटातून, बहुतेक रात्रीच. चार महिन्यांपूर्वी लेसर केलं. दिवसा एकदम क्लास, रात्री समोरून गाडी आली की लाईटला काटे फुटल्यासारखे. ऑपरेशन फेल गेलं का?

उत्तर: फेल म्हणायची घाई नको. पहिले तीन ते सहा महिने हे बऱ्याच जणांना होतं आणि हळूहळू कमी होतं. पण "होईल कमी" म्हणून घरी बसू पण नका, कारणं तीन-चार आहेत आणि त्यातली दोन सहज दुरुस्त होतात.

एक, कोरडेपणा. झडप कापताना कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जातात, डोळ्याला आपण कोरडे पडलोय हेच कळत नाही, पापणी कमी मिटते. त्यात तुमचा एसीचा झोत थेट तोंडावर. तो खाली वळवा, प्रिझर्वेटिव्ह नसलेले अश्रूंचे ड्रॉप घ्या. दोन, उरलेला नंबर. दिवसा बाहुली लहान असते तेव्हा अर्धा नंबर कळत पण नाही, रात्री बाहुली मोठी झाली की तोच त्रास देतो. मला तुमचा नंबर बघू दे, अर्धा-पाऊण निघाला तर फक्त रात्रीच्या ड्रायव्हिंगला चष्मा करू, कोटिंगवाला. लेसर करून परत चष्मा म्हणून चिडू नका, घाटात वळणावर काटे बघण्यापेक्षा बरं. तीन, तुमची बाहुलीच अंधारात फार मोठी होत असेल आणि लेसर केलेला गोल तिच्यापेक्षा लहान पडत असेल. हे ऑपरेशनआधी अंधाऱ्या खोलीत मोजायचं असतं, आणि रात्रीचा ड्रायव्हर आहे म्हटल्यावर तर त्यावर स्पष्ट बोलायचं असतं. तुम्हाला कुणी विचारलं होतं का, धंदा काय म्हणून? मी नंबर काढायच्या आधी तेच विचारते, वडगावात मागावर बसणाऱ्याला वेगळं सांगावं लागतं आणि उद्यमबागेत लेथवर उभ्या असणाऱ्याला वेगळं.

गाडीच्या काचेची आतली बाजू पण पुसा हो. हसू नका, अर्धे काटे तिथले असतात.

प्रश्न: पुण्यात मुलाकडे राहून लेसर केलं, आता बेळगावात परत आले. दर वेळी तपासायला पुण्याला जायचं का? इथल्या चष्म्याच्या दुकानात दाखवलं तर चालतं?

उत्तर: दुसऱ्या दिवशीची तपासणी तिथंच व्हायला पाहिजे, आठवड्याची पण शक्यतो तिथंच. तेव्हा झडप जागेवर आहे ना, तिला सुरकुती नाही ना, तिच्याखाली सूज नाही ना हे बघतात, त्या सुजेत वाळू शिंपडल्यासारखे बारीक ठिपके दिसतात आणि वेळेत ड्रॉप वाढवले तर निभावतं. त्यानंतरच्या एक, तीन, सहा महिन्यांच्या तपासण्या इथं ऑप्टोमेट्रिस्टकडे होऊ शकतात, पण एका अटीवर, तुमच्या सर्जनला हे माहीत असलं पाहिजे आणि आमचा रिपोर्ट त्यांच्याकडे गेला पाहिजे. नुसतं दुकान चालणार नाही, स्लिट लॅम्प आणि दाब मोजायची सोय पाहिजे. आणि दुखायला लागलं, लाल झालं, नजर अचानक कमी झाली, पू आला, तर पुणे-बेळगाव करत बसू नका, त्याच दिवशी जवळच्या डोळ्यांच्या सर्जनकडे जा.

आता महत्त्वाचं. ऑपरेशनच्या आधीची फाईल मागून घ्या. आधीचा नंबर, कॉर्नियाचे के-रीडिंग म्हणजे वक्रतेचं माप, जाडी, टोपोग्राफीचा रंगीत कागद, किती मायक्रॉन काढलं ते, सगळं. कशाला? साठीत मोतीबिंदू होईल तेव्हा आत घालायच्या भिंगाचा नंबर काढायचा असतो, आणि लेसर झालेल्या डोळ्यात नेहमीचा हिशोब चुकतो, कॉर्नियाचा मूळ आकार माहीत असला तर बरंच सोपं जातं. दाबाचं पण तसंच, लेसरने पातळ झालेल्या कॉर्नियावर दाब मोजला तर खरा असतो त्यापेक्षा कमी दाखवतो, काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. म्हणून आयुष्यात पुढे कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरसमोर बसलात की पहिलं वाक्य, माझं लेसर झालंय. लोक विसरतात. चष्मा गेला की डोळ्याचा इतिहास पण गेला असं वाटतं त्यांना. हॉस्पिटलं जुन्या फाईली काही वर्षांनी काढून टाकतात, ती रेशन कार्डाच्या पिशवीत घाला.

आणि डोळ्याच्या मागचा पडदा. मायनस डोळा मुळात लांब असतो, लेसरने तो आखूड होत नाही, फक्त समोरची काच बदलते. पडदा ताणलेलाच राहतो. वर्षातून एकदा ड्रॉप घालून पडदा तपासायचा, चष्मा नाही म्हणून सुट्टी नाही.

थोडक्यात विचारलेले:

*लेसर चालू असताना पापणी मिटली किंवा शिंक आली तर?* पापणी क्लिपने उघडी धरलेली असते, मिटतच नाही. डोळा हलला तर मशीनचा ट्रॅकर पाठलाग करतो, फार हलला तर लेसर आपोआप थांबतो. प्रत्यक्ष लेसर काही सेकंदच, तुम्ही फक्त दिव्याकडे बघायचं.

*लेसरने डोळा भाजत नाही का?* नाही. हा एक्सायमर लेसर, १९३ नॅनोमीटरचा, तो जाळत नाही, रेणूंचे बंध तोडून पेशी उडवतो, शेजारी उष्णता जवळजवळ पोचत नाही, आणि एका ठोक्याला पाव मायक्रॉनच्या आसपास निघतं. हा गुण ज्यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत शोधला त्यात आपले मद्रासकडचे रंगास्वामी श्रीनिवासन होते, आणि सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर त्यांनी तो मारून बघितला होता. मी हे प्रत्येक पेशंटला सांगते, भीती थोडी उतरते.

*मुलगी सोळाची, चष्म्यामुळे चिडवतात.* अठराच्या आधी नाही. फ्रेम बदलून द्या.

*मुरुमांच्या गोळ्या चालू आहेत, सांगायचं का?* सांगायचंच. आयसोट्रेटिनॉइन असेल तर डोळे खूप कोरडे पडतात, बंद करून काही महिने थांबवतात. मधुमेह, सांधेवाताचे आजार, सगळं सांगायचं.

*नंबर अकरा आहे, नाही म्हणालेत, आता काही नाहीच का?* आहे. कॉर्नियाला हात न लावता डोळ्याच्या आत, आपल्या भिंगाच्या पुढे, पातळ लेन्स बसवतात, आयसीएल म्हणतात. त्याच्या तपासण्या वेगळ्या, आतली जागा पुरते का ते मोजावं लागतं. जाऊन विचारा.

पुढच्या अंकासाठी लिहिताना एवढं करा, नंबरच्या आधी मायनस की प्लस ते लिहा. या वेळी तिघांनी नुसतं "दोन आहे, करू का" असं पाठवलंय, आता मायनस दोन आणि प्लस दोनचं उत्तर एकच कसं देऊ?